३७१८४ की ३७१४८? ट्रायलच्या एका किटचं प्रकरण

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी औषधांच्या फ्रीजसमोर उकिडवी बसून खोकी मोजत होते. मधल्या कप्प्यात बारा हवी होती, अकरा भरली. वरच्या कप्प्यात दोन हवी होती, तिथे तीन. बेरीज जुळत होती, त्यामुळे पहिल्या क्षणी हायसंच वाटलं. एखादं खोकं चुकून वर गेलं असेल. वरची तिन्ही बाहेर काढून लेबलं वाचली आणि हातपाय गार पडले. एकावर क्रमांक होता ३७१८४. सिस्टीमच्या हिशेबी हे किट मी सोमवारीच एका पेशंटला दिलं होतं, आणि त्या मावशी ते घेऊन गारगोटीच्या पुढे आपल्या गावी पोचल्याही होत्या.

मग मावशींच्या फ्रीजमध्ये काय होतं?

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे पेशंटांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीची, कोऑर्डिनेटर होते. रुग्णालय, प्रायोजक कंपनी आणि औषध यांची नावं इथे देत नाही. किट क्रमांक बदललेत, पण त्यांच्यातली गफलत जशी होती तशीच ठेवली आहे, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

किट आणि त्याचं स्टेटस

ट्रायल संधिवातावरच्या इंजेक्शनची होती, डबल ब्लाइंड. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला आधीपासून वापरात असलेलं. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला, डॉक्टरांना किंवा मला माहीत नव्हतं. दोन्हींची खोकी दिसायला अगदी सारखी. एका किटमध्ये चार भरलेल्या सिरिंज, आठवड्याला एक. पहिली रुग्णालयात टोचायची, उरलेल्या तीन पेशंटने घरी फ्रीजमध्ये ठेवायच्या. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस.

किट क्रमांक मुद्दामच क्रमाने नसतात. ते विस्कटून दिलेले असतात, म्हणजे शेजारशेजारच्या दोन क्रमांकांवरून गट ओळखता येत नाही. कोणतं किट कोणाला द्यायचं हे आयआरटी नावाची वेबवरची प्रणाली ठरवते. पूर्वी हेच काम फोनवर आकडे दाबून चालायचं. पेशंटची भेट नोंदवली की ती एक क्रमांक देते आणि आपण फ्रीजमधून नेमकं तेवढंच खोकं काढायचं.

प्रत्येक किटला एक स्टेटस असतं. डेपोतून निघालं की 'इन ट्रान्झिट', आम्ही पोच दिली की 'अव्हेलेबल', तापमानाची शंका आली की 'क्वारंटाइन', पेशंटच्या नावावर पडलं की 'डिस्पेन्स्ड', परत आलं की 'रिटर्न्ड', आणि शेवटी नष्ट केल्याची नोंद. आमच्या सिस्टीममध्ये तर क्रमांक मिळाला त्याच क्षणी किट 'डिस्पेन्स्ड' होऊन जायचं. खोकं अजून फ्रीजमध्येच, मी अजून खुर्चीतच, आणि पडद्यावर औषध पेशंटला देऊन मोकळं! 'दिलं' असं वेगळं नोंदवायची पायरी तिच्यात नव्हतीच. काही प्रणालींमध्ये ती असते, काहींमध्ये बारकोड स्कॅन केल्याशिवाय पुढेच जाता येत नाही.

स्टेटस बदलायला खोकं हलावं लागत नाही आणि खोकं हलल्याने स्टेटस बदलत नाही. दोन्ही जुळवून आणणारा माणूस मधे लागतो. या प्रकरणात तो माणूस मी होते.

शनिवार रात्र

पावसाळा ऐन भरात होता. २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर नव्हता, पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत होती. ४३ फूट ही धोक्याची पातळी. कोल्हापूरकर या दोन आकड्यांवर पावसाळा काढतो. ३९ च्या आधीच जिल्ह्यातले कितीतरी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात आणि राधानगरी, भुदरगडकडची माणसं 'आज जाऊन परत येता येईल का' असा हिशेब करूनच घराबाहेर पडतात.

मुंबईकडच्या डेपोतून निघालेला बारा किटचा बॉक्स शनिवारी दुपारी यायचा होता. पाऊस आणि सातारा ते कागल सहापदरीकरणाची खोदाई यांच्यात गाडी अडकली. रात्री नऊच्या आत वॉचमनमामांचा फोन आला. "मॅडम, बॉक्स आलाय बगा बर्फाचा. कुठं ठेवू?"

मी रंकाळ्याजवळ घरी. रात्रपाळीच्या फार्मासिस्टला फोनवर सांगितलं, बॉक्स उघड, खोकी फ्रीजमध्ये ठेव, लॉगर बाजूला काढ. लॉगर म्हणजे बॉक्ससोबत येणारं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. 'बाजूला काढ' म्हणाले, 'स्टॉपचं बटण दाब' म्हणायचं राहिलं. त्याने निमूटपणे खोकी मधल्या कप्प्यात लावली आणि लॉगर टेबलावर ठेवला. लॉगर बिचारा सोमवारी सकाळपर्यंत टेबलाचं तापमान नोंदवत राहिला.

सोमवार, चौऱ्याऐंशी

सोमवारी सकाळी नऊला मी लॉगर संगणकाला लावला. कमाल तापमान २६.८. सिस्टीममध्ये पोच देताना हे नोंदवावंच लागतं. नोंदवलं आणि बाराही किट 'क्वारंटाइन' झाली. नियमाप्रमाणे त्याच मिनिटाला ती खोकी उचलून वेगळ्या जागी, लाल चिठ्ठी लावून ठेवायला हवी होती. तेवढ्यात मावशी आल्या.

पहाटे सहाला घरून निघालेल्या. मुलगा सोबत. संध्याकाळी बंधाऱ्यावर पाणी चढलं तर लांबचा वळसा, म्हणून बाराच्या आत निघायची त्यांची घाई. मी ठरवलं, आधी मावशींना मोकळं करू, लाल चिठ्ठ्या नंतर. पडद्यावर बारा किट क्वारंटाइनमध्ये आणि फ्रीजमध्ये तीच बारा, वापरायच्या तीन किटच्या बरोबर खाली, उघड्यावर. त्या दिवशीची खरी चूक हीच. पुढचं सगळं तिच्या पोटातून आलं.

तपासणी झाली, रक्त घेतलं, सिस्टीमने क्रमांक दिला ३७१८४. संगणक बाहेरच्या खोलीत, फ्रीज आतल्या. नर्सने बाहेरून मोठ्याने वाचलं, "सदतीस हजार एकशे चौऱ्याऐंशी." मी फ्रीजचं दार उघडून शोधत होते.

आपण मराठीत आकडा उच्चारतो तो एककापासून. चौऱ्याऐंशी म्हणजे आधी चार, मग ऐंशी. अठ्ठेचाळीस म्हणजे आधी आठ, मग चाळीस. कान 'चार... आठ' ऐकतो, डोळे लेबलावर डावीकडून चार आणि मग आठ शोधतात. मधल्या कप्प्यात, अगदी पुढे, ३७१४८ होतं. हात तिकडेच गेला. लहानपणी गणितात ४८ आणि ८४ ची अदलाबदल करून मार खाल्लेल्या पिढीतली मी, पण शाळेतली ती चूक इथपर्यंत सोबत येईल असं वाटलं नव्हतं.

पुढचा भाग जास्त लाजिरवाणा आहे. वाटपाच्या नोंदवहीत मी क्रमांक लिहिला तो सिस्टीमच्या छापील चिठ्ठीवरून, खोक्यावरून नाही. ३७१८४. शेजारी सब-इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ट्रायलमधल्या सहायक डॉक्टरांनी तपासल्याची सही केली, तीही चिठ्ठी आणि वही ताडून. दोन कागद एकमेकांशी जुळत होते, कारण दुसरा पहिल्यावरूनच उतरवला होता. खोक्याच्या लेबलाचा फाडून चिकटवायचा तुकडा मी रीतसर त्याच पानावर चिकटवला. त्यावर छापलेलं होतं ३७१४८. हाताने लिहिलेला ३७१८४ आणि छापील ३७१४८, दोघांत दोन बोटांचं अंतर, खाली सह्या, आणि बुधवारपर्यंत ते कोणालाच दिसलं नाही.

बुधवार

प्रायोजकाने क्वारंटाइनमधल्या खोक्यांची यादी आणि फोटो मागवले, म्हणून मी मोजायला बसले होते. नाहीतर महिन्याच्या अखेरीपर्यंत कळलं नसतं.

पहिला फोन पीआय सरांना, म्हणजे आमच्याकडच्या ट्रायलच्या प्रमुख डॉक्टरांना, दुसरा मावशींच्या मुलाला.

"आईनं सोमवारी तिथंच घेतलंय की एक. बाकीची फ्रीजात हाईत."

"ती तशीच राहू द्या. घेऊ नका, टाकू नका, बाहेरही काढू नका. आईंना काही त्रास?"

मागून मावशींचा आवाज आला, "इंजेक्शन वाईट हाय काय गं पोरी?"

या प्रश्नाचं खरं उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं. किट अजून तपासात असताना चुकून दिलं गेलंय, चूक आमची आहे, कंपनीकडून कळेपर्यंत पुढचं घ्यायचं नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. सर स्वतः त्यांच्याशी बोलले. त्रास काही नव्हता. पुढचा डोस सोमवारी होता, म्हणजे हातात चार-पाच दिवस होते.

त्याच दुपारी मॉनिटरला, म्हणजे प्रायोजकाच्या वतीने आमच्या नोंदी तपासणारीला, कळवलं, आयआरटीच्या हेल्प डेस्कला लेखी विनंती गेली आणि एथिक्स कमिटीकडे प्रोटोकॉल डेव्हिएशनची, म्हणजे ट्रायलची ठरलेली पद्धत मोडल्याची नोंद. जीसीपीची, म्हणजे 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं (आयसीएच ई-६) औषधाच्या नोंदींबद्दल अगदी नेमकं मागतात: किती आलं, किती शिल्लक, कोणत्या पेशंटला किती, किती परत, तारखा, बॅच, मुदत, आणि किटचा स्वतंत्र क्रमांक. आमच्या वहीत यातलं सगळं होतं, पण एका ओळीत क्रमांकच खोटा होता.

तो खोडून बरोबर लिहायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. ८ वर एक गिरकी, ४ वर एक रेघ, बस. पण चुकीची नोंदही वाचता आली पाहिजे. एक आडवी रेघ, बाजूला दुरुस्ती, तारीख, सही, कारण. सिस्टीममध्येही तसंच. हेल्प डेस्क स्टेटस बदलतं, पण जुनं स्टेटस, कोणी, कधी, का बदललं हे ऑडिट ट्रेलमध्ये राहतंच.

लॉगर आणि वॉचमनची वही

आता प्रश्न तापमानाचा. मावशींना गेलेलं किट त्याच बारांतलं, त्यामुळे बॉक्सचं नेमकं काय झालं हे आता नुसतं साठ्याचं गणित राहिलं नव्हतं.

अहवाल पहिल्या नजरेला भयंकर होता. शनिवारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आलेख उभा चढतो आणि पुढे सोमवारपर्यंत खोलीच्या तापमानाला पडून राहतो. म्हणजे दुपारी साडेतीनपासून किट गरम? पण आमच्याकडे बॉक्स रात्री आला होता. अर्धा तास डोकं खाजवल्यावर खाली बारीक अक्षरात दिसलं, वेळ जीएमटी. साडेपाच तास मिळवा: रात्री ९ वाजून ५ मिनिटं. बॉक्स उघडून लॉगर टेबलावर ठेवला ती वेळ.

हे आम्हाला पटलं, पण प्रायोजकाला पुरावा हवा. खोकी ९.०५ ला फ्रीजमध्ये गेली, लॉगरसोबत टेबलावर राहिली नाहीत, हे कशावरून? रात्रीच्या फार्मासिस्टने वेळ लिहून ठेवली नव्हती. तेव्हा गेटवरची वही आठवली. मामांच्या गोल अक्षरात: 'रात्री ८.५० कुरिअर. पांढरा बॉक्स १. मेडिसिन. रिसर्चवाल्या मॅडम.' खाली कुरिअरवाल्याची सही. आणि आमच्या फ्रीजचा स्वतःचा लॉगर, जो दर पाच मिनिटांनी नोंद घेतो, त्यात ९.०५ ते ९.२० तापमान ४.१ वरून ६.३ वर जाऊन परत खाली आलेलं. दार उघडं राहिल्याची खूण. तीन घड्याळं एकमेकांना दुजोरा देत होती.

टेबलावरचे जवळजवळ छत्तीस तास वजा केल्यावर खरा बिघाड उरला तो प्रवासातला: दुपारी १.४० ते संध्याकाळी ६.२०, कमाल १०.९ अंश. ४ तास ४० मिनिटं. हे चालेल की नाही हे ठरवणं साइटचं, म्हणजे आमच्या रुग्णालयाचं काम नव्हे. औषधाच्या स्थिरतेची माहिती कंपनीकडे असते. निकाल त्यांनी द्यायचा, आणि तोवर खोकं कितीही गार लागत असलं तरी हात लावायचा नाही.

फ्रीज भरलेला, सिस्टीम उपाशी

या सगळ्यात सिस्टीम आपली स्वतःची कामं करत होती. साठा मोजताना ती फक्त 'अव्हेलेबल' किट धरते. बारा क्वारंटाइनमध्ये आणि ३७१८४ दिलेलं, म्हणजे तिच्या लेखी आमच्याकडे दोनच किट. किमान पातळीच्या खाली. तिने सोमवारीच आपोआप नवी मागणी लावली होती आणि गुरुवारी आणखी बारा किट दारात हजर झाली. माणूस असता तर फोन करून विचारलं असतं की अहो, तिकडे पाऊस आहे, दोन दिवस थांबू का?

दोष सिस्टीमचा नाही. क्वारंटाइनमधला माल मोजायचा नाही हे धोरण बरोबरच आहे, निकाल उलटा गेला असता तर हीच नवी बारा किट कामाला आली असती. पण छोट्या साइटच्या फ्रीजला ते झेपत नाही. शुक्रवारी आधीची किट क्वारंटाइनमधून सुटली तेव्हा पंचवीसच्या वर खोकी झाली होती. त्यातली चार पुढे मुदत जवळ आल्यामुळे न वापरताच परत गेली. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत किट देत नाहीत. चार आठवड्यांचे डोस मुदतीच्या आत संपले पाहिजेत, म्हणून सिस्टीम ते किट बरंच आधी देणं थांबवते.

शुक्रवारचं उत्तर

शुक्रवारी दुपारी दोन उत्तरं आली. तापमानाचा बिघाड स्वीकारार्ह, किट वापरण्यायोग्य. आणि पेशंटबद्दल: उरलेले तीन डोस घेऊ नयेत, सिस्टीममधून रिप्लेसमेंट किट द्यावं.

मी चमकले. औषध चांगलं आहे म्हणतात, मग घेऊ का द्यायचं नाही? म्हणजे ३७१४८ दुसऱ्या गटाचं असणार! मी तसं सरांना म्हटलंही. सर सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "अंदाज बांधत बसू नका. चुकला तर वेळ वाया, बरोबर आला तर पंचाईत."

पंचाईत कशी, ते नंतर डोक्यात शिरलं. दोन्ही किट एकाच गटाची आहेत का हे पाहू शकणारी माणसं प्रायोजकाकडे वेगळी असतात, साइटशी त्यांचा थेट संबंध नसतो. त्यांनी गट जुळला तर 'चालू ठेवा' आणि नाही जुळला तर 'बदला' असं उत्तर द्यायचं ठरवलं, तर त्या उत्तरातूनच आम्हाला किटांचे संबंध कळत जातील. म्हणून गट काहीही असो, उत्तर एकच: बदला. त्यातून आम्हाला काही कळू नये हाच हेतू. ३७१४८ मध्ये काय होतं हे मला आजही माहीत नाही.

शनिवारी पाणी थोडं उतरलं. मुलगा मोटारसायकलवरून मावशींना घेऊन आला. गार पिशवीतून तीन सिरिंज परत, नव्या किटचा क्रमांक मिळाला. या वेळी खोकं पडद्यासमोर आणून ठेवलं, नर्सने पडद्यावरचा एकेक अंक वाचला, मी लेबलावरच्या एकेका अंकावर बोट ठेवलं. मावशी कौतुकाने बघत होत्या, जणू आम्ही पूजा मांडली होती.

कापा

सुधारणेच्या योजनेला सीएपीए म्हणतात, आमच्या तोंडी 'कापा'. मसुद्यात कारणाच्या रकान्यात आधीच लिहून आलं होतं: मानवी चूक. उपाय: पुनर्प्रशिक्षण. मी त्यावर अडून बसले. चूक माझी होती हे मान्य, पण मला पुन्हा त्याच स्लाइड दाखवून चौऱ्याऐंशीचा उच्चार बदलणार नव्हता.

शेवटी योजनेत गेलं ते असं. लक्ष्मीपुरीतून लाल झाकणाचा, कुलूप लागणारा डबा आणला. क्वारंटाइनचं बटण दाबायच्या आधी खोकी त्या डब्यात, मग बटण. क्रमांक एकेक अंक सुटा वाचायचा, तीन सात एक आठ चार, पूर्ण संख्या म्हणून कधीच नाही. वहीत क्रमांक खोक्यावरून लिहायचा, आणि दुसरी सही करणाऱ्याने खोकं हातात घेतल्याशिवाय पेन उघडायचं नाही. रात्री आलेल्या बॉक्ससाठी गेटवर एक छापील चिठ्ठी: लॉगरचं बटण दाबा, वेळ लिहा. मॉनिटरने 'लक्ष्मीपुरी' खोडून 'स्थानिक बाजार' केलं, बाकी तसंच मंजूर झालं.

सिस्टीममध्ये ३७१८४ परत 'अव्हेलेबल' झालं. ते फ्रीजमधून हललंच नव्हतं हे तापमानाच्या नोंदींवरून दाखवता आलं. ३७१४८ चा माग आता असा वाचता येतो: इन ट्रान्झिट, क्वारंटाइन, डिस्पेन्स्ड, रिटर्न्ड, आणि प्रत्येक बदलासमोर एक कारण. चार सिरिंज आल्या, एक वापरली, तीन परत.

पुढच्या भेटीत मॉनिटरने गेटच्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स मागितली. सरांनी 'मूळ प्रतीनुसार' लिहून सही केली आणि ते पान ट्रायलच्या फाइलमध्ये लागलं. मॉनिटर पुण्याची, बारकाईने वाचणारी. आमच्या ओळीखालच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, हा कोणता माल? वेळ पहाटे ५.१०, सही नाही.

"गोकुळ," मी म्हटलं. "कँटीनचं दूध. चार पिशव्या."